एकसारखी बारा पिल्लं: पाळीव उंदरांवर खूण कशी करावी आणि ती कुणाच्या हाती द्यावीत

एका पांढऱ्या मादीला बारा पिल्लं होतात. बाराही पांढरी, बाराही लाल डोळ्यांची. तिसऱ्या आठवड्यात त्यातलं एक वजनात मागे पडतं. कोणतं? काल औषधाचा थेंब कुणाला दिला होता? आणि 'दोन्ही माद्याच आहेत' असं सांगून दिलेल्या जोडीतलं एक नर निघालं, तर चूक कुठे झाली हे कशावरून शोधायचं? उंदरांवर खूण करण्याचा प्रश्न असा रोजच्या कामातून येतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा उंदराच्या अंगापेक्षा वहीत असतं.

आधी कुठल्या उंदराबद्दल बोलतोय ते ठरवू. छंदाने पाळला जातो तो रॅटस नॉर्वेजिकस, म्हणजे तपकिरी उंदराचा माणसाळलेला वंश. महाराष्ट्रात दुकानात 'पांढरा उंदीर' म्हणून जे विकतात ते कधी हे असतात, तर कधी त्याहून कितीतरी लहान असा पांढरा माऊस. मोठा झालेला माऊस २० ते ४० ग्रॅमचा. छंदाच्या उंदराची मादी साधारण २५० ते ३५० ग्रॅमची आणि नर त्याहून बराच जड. पिल्लू असेल तर पावलं आणि शेपटीचं मूळ बघा, उंदराच्या पिल्लाची पावलं अंगाच्या मानाने मोठी आणि शेपटी जाड असते. या छंदाचं माहेर इंग्लंड. राणी व्हिक्टोरियाच्या काळात जॅक ब्लॅक हा लंडनचा उंदीर पकडणारा वेगळ्या रंगाचे उंदीर मारायचा नाही, वाढवून विकायचा. १९०१ मध्ये मेरी डग्लस यांच्या प्रयत्नाने एल्सबरीच्या प्रदर्शनात उंदरांना पहिल्यांदा जागा मिळाली, आणि १९७६ मध्ये इंग्लंडमध्येच नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी उभी राहिली. जबाबदार ब्रीडरच्या, म्हणजे उंदरांची पैदास करणाऱ्याच्या, ज्या पद्धती पुढे सांगितल्या आहेत त्या मुख्यतः याच परंपरेतल्या आहेत. लेस्टर किंवा न्यू जर्सीत राहून पहिली जोडी घेऊ पाहणाऱ्याला त्या जशाच्या तशा लागू पडतात, पुण्यात किंवा पणजीत थोडं जमवून घ्यावं लागतं.

पिल्लं होण्याआधी: वही

खुणेचा उपयोग तिच्यामागच्या नोंदीइतकाच. म्हणून मादी गाभण असतानाच वहीत त्या वेताचं पान तयार करा. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो, घाई नाही. पानावर वेताचं अक्षर (क, ख, ग असं चालेल), आईबापांचे क्रमांक, नर वेगळा केल्याची तारीख, अपेक्षित तारीख. खाली प्रत्येक पिल्लासाठी एक ओळ: क्रमांक, लिंग, रंग आणि ठिपके, वजनं, खूण, फोटो क्रमांक, कुणाकडे गेलं, पुढे काय झालं. शेवटचा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत आणि दोन वर्षांनी पस्तावतात.

नर वेगळा केल्याची तारीख उगाच लिहायची नाही. उंदरी व्यायल्यानंतर २४ तासांच्या आत पुन्हा गाभण राहू शकते. बाळंतपणाच्या दिवशी नर पिंजऱ्यात असेल तर तीन आठवड्यांनी दुसरं वेत ठरलेलं, आणि दूध पाजतानाच पोटात दुसरी पिल्लं वाढवणारी मादी हाडांनी दिसायला लागते.

पहिले दहा दिवस: अंगावर काहीच नाही

जन्मलेलं पिल्लू ५ ते ७ ग्रॅमचं, बिनकेसांचं आणि डोळे मिटलेलं. आई त्याला दिवसभर चाटत असते, त्यामुळे लावलेली कुठलीही खूण काही तासांत तिच्या पोटात जाते. या दिवसांत खूण करायचीच नाही. फक्त मोजायचं, पोटात दुधाची पांढरी पट्टी दिसते का बघायचं, आणि सगळ्यांचं मिळून वजन घ्यायचं. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, स्वयंपाकघरातला काटा एवढ्या बारीक वजनाला उपयोगाचा नाही.

निसर्गाने दिलेल्या खुणा मात्र आत्ताच टिपून घ्याव्यात. काळ्या डोळ्यांच्या पिल्लाचा डोळा मिटलेल्या पापणीआडूनही गडद दिसतो, लाल डोळ्यांच्या पिल्लाचा दिसत नाही. पहिल्या आठवड्यातच त्वचेवर रंगाची सावली येते: डोक्यापासून खांद्यापर्यंत रंगीत टोपरं असलेली 'हूडेड', पोट पांढरं असलेली 'बर्कशायर', सर्वांगी एकरंगी 'सेल्फ'. टोपऱ्याची कड आणि पाठीवरचा पट्टा दोन पिल्लांत सहसा सारखा नसतो. कुणाचा पट्टा कमरेशी तुटलेला, कुणाचा शेपटीजवळ रुंद. अशा वेतात वेगळ्या खुणेची गरजच संपते.

लिंग ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा काळ आठव्या ते दहाव्या दिवसादरम्यान येतो आणि झटकन निघून जातो. पोटावर दाट केस यायच्या आधी माद्यांची स्तनाग्रं बारीक ठिपक्यांसारखी दिसतात, सहसा बारा. नरांना ती नसतात. पहिल्या दिवशी गुदद्वार आणि मूत्रद्वार यांतलं अंतर पाहून केलेला अंदाज (नरात जास्त, मादीत कमी) या दिवशी पडताळून घ्यायचा. खिडकीजवळच्या उजेडात पिल्लू तळहातावर पालथं ठेवून क्षणभर उताणं करा, फोटो काढा, परत ठेवा. सगळं मिळून दहा मिनिटांच्या वर नको, पिल्लं गार पडतात.

दोन ते पाच आठवडे: शेपटीवरची शाई

साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी डोळे उघडतात, आणि मग पिल्लं एका जागी बसत नाहीत. सगळीच पांढरी किंवा सगळीच काळी असतील तर तात्पुरती खूण करण्याची वेळ हीच. जागा एकच: शेपटी. केसांवरचा रंग चाटून जातो, कानात शाई घालणं धोक्याचं.

शाई कुठली घ्यावी यात नवखे सर्वांत जास्त चुकतात. पहिली पसंती केकवर लिहायच्या खाद्यरंगाच्या पेनाला. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, दिवसभरात फिकं होतं, रोज सकाळी वजन करताना पुन्हा काढावं लागतं. हे काम कटकटीचं आहे हे खरं. जास्त टिकाऊ हवं असेल तर झायलीन हे उग्र वासाचं द्रावक नसलेलं, मंद वासाचं, बिनविषारी असं लिहिलेलं अल्कोहोलच्या शाईचं मार्कर. ते दोन-तीन दिवस टिकतं, पण वाळेपर्यंत अर्धा मिनिट पिल्लू हातातच ठेवायचं. उंदरांची श्वसनसंस्था मुळातच नाजूक असते. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू बहुतेक पाळीव उंदरांत मुरलेला असतो आणि उग्र वासाने तो उसळी घेतो. म्हणून नेलपॉलिश नको. जेन्शियन व्हायोलेट घरात असलं तरी नको, ते चाटून पोटात जाणार. मेंदीच्या कोनात रंग गडद व्हावा म्हणून रसायनं घातलेली असू शकतात, कुंकवाची पूड नाकात जाते, आणि हळद लावलेलं पांढरं पिल्लू तासाभरात सगळ्या भावंडांना पिवळं करून सोडतं. लाल रंग कुठल्याच शाईत नको. उंदराच्या डोळ्यांतून आणि नाकातून येणारा पॉर्फिरिनचा लालसर स्राव हे आजाराचं लक्षण असतं, त्यात शाईचा लाल मिसळला की खरं रक्त कधी दिसलं ते कळत नाही.

सांकेतिक पद्धत साधी ठेवा. शेपटीचे दोन भाग धरा, मुळाजवळचा आणि मधला. प्रत्येक भागात शून्य ते तीन रेघा. दोन्ही मिळून, कोरी शेपटी सोडून, पंधरा क्रमांक होतात, बहुतेक वेतांना पुरून उरतात. रंगाने लिंग दाखवा: नर काळ्या रेघांचे, माद्या हिरव्या. हिरव्या रेघांच्या पिंजऱ्यात काळी रेघ दिसली की चूक लगेच डोळ्यात येते. टोकाकडे रेघ काढू नका, तिथली घासून जाते.

काढताना पिल्लू ओंजळीत बसवा, शेपटी आपोआप तर्जनीवर पडते. तिला खालून आधार द्या, वरून एकदाच पेन फिरवा. शेपटीचं टोक पकडून पिल्लू कधीही उचलू नये, मोठ्या उंदरालाही नाही. टोकाकडची त्वचा मोजा निघावा तशी सोलून निघते, हाड उघडं पडतं आणि तो भाग कापावा लागतो. आणि दोरा, रबरबँड, सेलोटेप, पैंजणासारखं कडं यांतलं काहीही शेपटीला किंवा पायाला बांधायचं नाही. पिल्लू दिवसागणिक वाढतं, बांधलेलं तेवढंच राहतं, रक्त थांबतं. उंदीर शरीरातली उष्णता शेपटीतून बाहेर टाकतो, त्यामुळे शेपटी गमावलेला उंदीर उन्हाळ्यात पुन्हा त्रास काढतो.

कायमच्या खुणा, आणि त्या घरात का नकोत

प्रयोगशाळांत कानाला भोक किंवा खाच पाडतात, शेपटीवर गोंदतात, काही ठिकाणी नवजात पिल्लांची बोटं छाटण्याची पद्धतही होती. तिथे शेकडो एकसारखे प्राणी असतात, प्रशिक्षित माणसं असतात, आणि नीतिसमितीची परवानगी लागते. घरी यांतलं एकही कारण नसतं. कानाची खाच भांडणात फाटते आणि मग क्रमांकच बदलतो. बोट गेलेल्या उंदराला दाणा धरताना, जाळीवर चढताना ते आयुष्यभर नडतं. शिवाय सांकेतिक भाषा फक्त करणाऱ्यालाच माहीत असते, नव्या मालकाला डाव्या कानातल्या भोकाचा काय पत्ता? भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणं हा गुन्हा आहे. 'प्रयोगशाळेत करतात' हे त्यावर उत्तर होत नाही.

मायक्रोचिपचा विचार वेगळा. ती तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिमी लांब आणि २ मिमी जाड असते. ८ मिमी लांब आणि १.४ मिमी जाड अशी छोटीही मिळते. आंतरराष्ट्रीय मानकातला १५ अंकी क्रमांक तिच्यात असतो आणि पशुवैद्य ती दोन खांद्यांमध्ये त्वचेखाली सोडतात. कुत्र्याला लावतात तशी ती उंदरालाही लावता येते, पण सुई उंदराच्या मानाने जाडच असते, आणि दोन-तीन वर्षांच्या आयुष्यासाठी हा त्रास सहसा समर्थनीय ठरत नाही. पुष्कळ पांढरे उंदीर, अनेक पिढ्यांचा वंश, उंदरांची ब्रीडरांमध्ये देवघेव, असं असेल तरच विचार करावा, तोही पूर्ण वाढ झाल्यावर आणि लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडूनच. चिप लावून क्रमांक कुठेच नोंदवला नाही तर ती नुसती काच.

मोठ्या उंदराची रोजची ओळख फोटोंवर चालते. पाच फोटो: वरून, डावीकडून, उजवीकडून, पोट, शेपटी. पांढऱ्या उंदरांतही कानाची कड, शेपटीवरचा एखादा वळसा, जुनी खरचट, मिशांचं वळण असं काही सापडतंच. जोडीतल्या दोघांना औषधं वेगळी असतील तेवढे दिवस एकाच्या शेपटीवर रेघ काढली की झालं.

पाचवा आठवडा: वेगळं करण्याचा दिवस

पाच आठवड्यांची मादी गाभण राहू शकते, आणि तिला भाऊ-बाप कळत नाहीत. म्हणून २८ व्या दिवसापासून रोज नरांकडे लक्ष ठेवा आणि ३५ व्या दिवशी, कुठलीही सबब न काढता, नर बापाच्या किंवा इतर नरांच्या पिंजऱ्यात गेलेच पाहिजेत. माद्या आईजवळ राहिल्या तरी चालतं. त्या दिवशी प्रत्येक पिल्लाचं लिंग दोघांनी वेगवेगळं तपासून मग वही उघडावी. एकाने मोठ्याने सांगितलं की दुसऱ्याच्या डोळ्याला तेच दिसतं.

नवं घर निवडताना

पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची झाली की द्यायला हरकत नाही. त्याआधी देणारा ब्रीडर घाईत आहे. देताना किमान दोन, एकाच लिंगाची. तीन असली तर उत्तम, कारण एक गेला तरी मागे एकटा कुणी उरत नाही. 'मुलीला एकच हवंय' म्हणणाऱ्याला गोड शब्दांत नाही म्हणा.

विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण उत्तर नेमकं हवं. पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतर किती? पिल्लांसाठी १२ मिमीपेक्षा जास्त नको, डोकं गेलं की अंगही जातं. खाली काय पसरणार? देवदार किंवा कच्च्या पाइनचा भुसा नको. उंदीर तपासणारा पशुवैद्य कोण? नाव सांगता आलं पाहिजे. मुंबई-पुण्याबाहेर हाच प्रश्न सर्वांत अवघड ठरतो, कारण अनेक दवाखाने कुत्र्या-मांजरांपुरते असतात. घरात मांजर आहे का, साप पाळला आहे का? घरमालकाची किंवा सासूबाईंची हरकत आहे का? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. परत येणाऱ्या उंदरांमागे घरातल्या एका व्यक्तीचा न विचारलेला नकार पुष्कळदा निघतो. गणपतीचं वाहन म्हणून हात जोडणारं घर पिंजऱ्यातल्या उंदराला हात जोडेलच असं नाही.

खर्चही आधीच सांगून टाका. उंदराच्या किमतीपेक्षा डॉक्टरांची एक भेट महाग पडते. माद्यांना स्तनांच्या गाठी वारंवार होतात, श्वसनाचा त्रास बहुतेकांना कधी ना कधी होतो. हे ऐकून मागे हटणारा माणूस आत्ताच हटलेला बरा. आणि पिल्लं फुकट देऊ नका. थोडी रक्कम ठेवली की सापाचं खाद्य शोधणारे बाजूला होतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १६ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही. भारतात पेट शॉपसाठीचे २०१८ चे नियम उंदीरवर्गालाही लागू आहेत आणि दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मात्र पाळीव उंदीर ठेवणंच बेकायदा आहे. तिकडे नोकरीला जाणाऱ्याने हे आधी बघावं.

सोपवण्याचा दिवस

सकाळी तपासणी: डोळ्यांभोवती लाल स्राव नाही, कानाशी धरल्यावर श्वासात टकटक नाही, केसांत उवा-माइट नाहीत, शेण बांधून येतं, वजन आदल्या आठवड्यापेक्षा वाढलेलं. एकातही खोट असेल तर त्या दिवशी कुणालाच द्यायचं नाही, त्याच्या भावंडांनाही नाही.

सोबत एक पान द्या. क्रमांक, पाच फोटो, जन्मतारीख, आईबाप, आजचं वजन, खाण्याचं नाव आणि प्रमाण, दिलेली औषधं. मोठा उंदीर दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम कोरडं खाणं खातो. त्याच खाण्याचं अर्धा किलो पाकीट आणि जुन्या घरट्यातला एक न धुतलेला फडक्याचा तुकडा द्या. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. प्रवासाला टणक प्लास्टिकचा हवेशीर डबा, पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीचे काप, कारण बाटली हिंदकळून गळते आणि ओला उंदीर गारठतो. एप्रिल-मेमध्ये विदर्भात दुपारी उंदीर हलवायचाच नाही. उंदराला घाम येत नाही, बंद गाडीत तो अर्ध्या तासात उष्माघाताने जाऊ शकतो.

करार एका पानाचाच असावा, पण त्यात चार गोष्टी हव्यात: यांची वेतं लावणार नाही, दुसऱ्याला परस्पर देणार नाही, ठेवता आलं नाही तर कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने परत आणून देईन, आणि मृत्यू झाला तर तारीख व कारण कळवेन. ब्रीडरच्या बाजूने एकच वाक्य: परत घेईन. हे वाक्य लिहायला मन तयार नसेल तर वेत लावू नये. पिंजऱ्यात जेवढ्यांना परत घ्यायची जागा आहे तेवढीच पिल्लं जन्माला घालायची, हा हिशेब आधी करायचा असतो.

परत आलेला उंदीर, आणि वहीचा खरा उपयोग

परत आलेल्याला सरळ जुन्या पिंजऱ्यात सोडू नका. दोन ते तीन आठवडे वेगळ्या घरात, किमान वेगळ्या हवेत. त्याच्याकडे जायचं ते सगळ्यांत शेवटी, आणि येताना हात धुवून कपडे बदलून. आला त्याच दिवशी पानावरच्या फोटोंशी पडताळा. बदललेला उंदीर परत येण्याचे प्रकार होतात, कधी अप्रामाणिकपणाने, पण जास्त वेळा घरातल्या मुलांनी नावं अदलाबदल केल्याने.

पत्ता लागणं का महत्त्वाचं, हे २०१७ मध्ये अमेरिकेत दिसलं. पाळीव उंदरांतून माणसांना सोल विषाणूची लागण झाली. हा हंटाव्हायरसचा एक प्रकार, उंदीर स्वतः त्याने आजारी दिसत नाही. कुणी कुणाकडून उंदीर घेतला याचा माग काढत यंत्रणा ११ राज्यांतल्या ठिकाणांपर्यंत पोचल्या. ज्यांच्याकडे तारीखवार नोंद होती त्यांना एका दुपारी यादी देता येते. बाकीच्यांना आठवणीवर विसंबावं लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असतेच, म्हणून रानटी उंदीर, त्यांचं मूत्र पडलेलं धान्य आणि पाळीव पिंजरा यांचा कुठेही संबंध येऊ देऊ नका.

दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी, दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा विचारपूस करा. चौकशीचा सूर नको, 'वजन किती झालं' एवढंच विचारा, बाकीचं लोक आपणहून सांगतात. जे कळेल ते त्या शेवटच्या रकान्यात. एकाच आईच्या चार मुली दीड वर्षाच्या आत गाठीने गेल्या हे त्या रकान्यातूनच दिसतं, आणि त्या वंशाचं पुढचं वेत लावायचं नाही हेही.

वहीच्या पहिल्या पानावर आणखी एक चौकट आखा: आपण आजारी पडलो, परदेशी गेलो तर परत येणारे उंदीर कोण घेणार. त्या माणसाला विचारून नाव लिहा, करारावरही तेच नाव घाला, आणि दर जानेवारीत फोन लागतो का ते बघा.